माझ्यावरचा दावा, माझ्याच अक्षरात

“भाऊसाहेब, तुमच्या हापिसावर दावा लावायचाय. लिवून द्या.”

समोर किसन उभा होता. पाथर्डीकडचा ऊसतोड कामगार, शिक्षा भोगणारा कैदी. मी तुरुंगाच्या ऑफिसात क्लार्क. लिहिता न येणाऱ्या कैद्यांचे अर्ज मीच लिहायचो. त्यामुळे मागणी रीतसरच होती.

पंधरा दिवसांपूर्वी हायकोर्टाचा निकाल आला होता. अधिकाऱ्याच्या चुकीने नुकसान झालं, तर कैद्यालाही त्याच्यावर भरपाईचा दावा लावता येतो. त्याला जेलची परवानगी लागत नाही. तोवर आमचे साहेब असे कागद ‘परवानगी नाही’ असा शेरा मारून परत द्यायचे. निकाल बोर्डावर लावायचा हुकूम आला. साहेब म्हणाले, “लावा. जरा उंचावर लावा.” मी स्टुलावर चढून लावला. बराकीतल्या सगळ्यात उंच कैद्याने तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

“दाव्याचं कारण?” मी पेन उघडलं.

“पोरीच्या लग्नाला सुट्टी मिळाली न्हाई. ती आता फोनवर बी येत न्हाई. म्हनती, बाप मुद्दाम आला न्हाई. भरपाईचं ऱ्हाऊ द्या. कुनामुळं ऱ्हायलं, तेवढं कोर्टाच्या कागदावर येऊ द्या.”

लग्नासाठी त्याने पॅरोल मागितला होता. पॅरोल म्हणजे घरच्या कामासाठी मिळणारी सुट्टी. अर्ज गेला की पोलीस गावात चौकशी करून अहवाल पाठवतात. किसन रोज विचारायचा. मी म्हणायचो, अहवाल यायचाय.

साहेबांनी आत बोलावलं. “अहवाल उशिरा आला, एवढंच लिही. विषय संपला.”

“साहेब, अहवाल मागवलाच नव्हता.”

“म्हणजे?”

“अर्ज माझ्या ड्रॉवरमध्येच होता. जामीनदाराच्या रेशनकार्डाची झेरॉक्स नव्हती. किसनला सांगायचं राहिलं. मग सांगायची लाज वाटायला लागली.”

हे मी आठ महिने घरीही बोललो नव्हतो. साहेब म्हणाले, “स्टुलावर चढलास तेव्हाच पडायला हवं होतंस.”

बाहेर येऊन सगळं लिहिलं, ड्रॉवरसकट. वाचून दाखवलं.

“ड्रावर?” किसन म्हणाला. “आन मी इतके दिस पोलिसांना शिव्या घालत हुतो!”

त्याने अंगठा उठवला.

मी कोर्टात काहीच नाकारलं नाही. दाव्याचा निकाल त्याच्या बाजूने लागला. माझी खात्याची चौकशी अजून चालू आहे. निकालाची प्रत किसनने मुलीला पाठवली. पुढच्या मुलाखतीला ती आली.

“ते ड्रावरवाले भाऊसाहेब कोन?” तिने विचारलं.

मी शेजारीच मुलाखतींच्या रजिस्टरमध्ये डोकं घातलं. जाळीआडून किसन म्हणाला, “त्येच. अक्षर लई झ्याक हाय त्यांचं.”

आता अर्ज आला त्याच दिवशी पुढे पाठवतो. झेरॉक्स मागाहूनही जाते. लग्न थांबत नाही.