गार इंजिनाचा भाव

शिंपीणबाईंना आपली वाऱ्यासारखी पळणारी लाल गाडी विकून दुकान वाढवायचं होतं.

"वहिनी, गिऱ्हाईक यायच्या आत इंजिन तापवून ठेवा. तापलं की खडखड ऐकू येत नाही," दीर कुजबुजला.

"भावजी, कापडावरचा डाग मी कधी घडीत लपवलाय का?"

गाडी बघायला एक दंतवैद्य आला. त्यानं आधी बॉनेटवर हात ठेवला. गार होतं. चावी फिरवताच इंजिन क्षणभर खडखडलं, मग संथ घुमू लागलं.

"ताई, आवाज येतोय. पन्नास हजार कमी करा."

"ते आधीच कमी केलेत, म्हणून तर आठ लाख सांगितले. आता रुपयाही सुटणार नाही."

दंतवैद्य हसला. "गार गाडी दाखवणाऱ्या तुम्ही पहिल्याच. आठ तर आठ!"

शिंपीणबाई दिराकडे वळल्या. "भावजी, टेप आणा. दुकानाची भिंत मोजायचीय."