कुणाचं पाणीही न पिणारी बाई

चौकातला सिग्नल बंद पडून युगं लोटली होती आणि त्याची उणीव कुणालाही भासत नव्हती, कारण तिथे हवालदारबाई उभ्या असत. आवाज असा खणखणीत, की बाई एका रिक्षावाल्याला दरडावत आणि पलीकडच्या गल्लीतले चार स्कूटरवाले उगाच ब्रेक दाबत. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की भल्याभल्या ट्रकवाल्यांची बोबडी वळायची. अशा या बाईंना एक साधं वाक्य मात्र आजवर कुणापुढे बोलता आलं नव्हतं. ते म्हणजे, "साहेब, चौकात मला बाथरूमला जायची सोय नाही."

पुरुष हवालदारांचं बरं असतं. त्यांना सगळ्या जगाच्या भिंती मोकळ्या. बाईंनी आपल्यापुरता तोडगा काढला होता: सकाळी घराबाहेर पडल्यापासून ड्युटी संपेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात येणार कुठून, असा साधा हिशोब.

पण लोकांचा हिशोब निराळाच निघाला. कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांची बायको एकदा भर उन्हात चहा घेऊन आली, तर बाई म्हणाल्या, "नको." चहावाल्याने पाण्याचा ग्लास पुढे केला, "नको." फळवाल्याने रस धरला, तर त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने तो स्वतःच पिऊन टाकला. आधीचा हवालदार चौकातल्या झाडून सगळ्या टपऱ्यांवर फुकट चरून, पट्ट्याला नवी भोकं पाडून बदलीवर गेला होता. त्यामुळे चौकाला बाई म्हणजे नवलच वाटल्या. "कुणाचं पाणीही पीत नाहीत हो!" असं आधी चौकात, मग बाजारात आणि मग गावभर झालं. एकटी मास्तरांची बायको मनातून फुगून बसली होती. आपल्या चहालाच नाव ठेवलं, असं तिने धरलं होतं.

बाईंना सुरुवातीला ओशाळल्यासारखं झालं. पण कौतुक कुणाला कडू लागतं? त्यांनी गैरसमज दूर केला नाही. तो दूर करायचा तर ते वाक्य बोलावं लागलं असतं.

मग एके दुपारी वाहतूक अडवता अडवता कमरेत अशी कळ आली, की बाई हात वर केलेल्या तशाच खाली बसल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मुतखडा आहे. दिवसभर भरपूर पाणी प्यायचं. असंच कोरडं राहाल तर मूत्रपिंड गमावून बसाल." घरी येऊन बाईंनी सासूबाईंना पोटात गॅस धरल्याचं सांगितलं. खरं काय ते फक्त नवऱ्याला.

नवरा वायरमन, थेट माणूस. म्हणाला, "साहेबांना सांगून टाक की."

"काय सांगू?"

"हेच."

"तुम्हीच सांगा ना."

"मी? मी काय तुमच्या खात्यात आहे? अगं, ट्रकवाल्यांचा बाप काढतेस, अन् एवढं तोंडातून निघत नाही?"

निघत नव्हतं खरं. साहेबांच्या खोलीच्या दारापर्यंत बाई गेल्या आणि सॅल्यूट ठोकून, "सगळं ठीक आहे सर," म्हणून परतल्या.

त्याच सुमारास सरकारला पोलिसांचा एकाएकी पुळका आला. 'सरकार आणि जनता, पोलिसांच्या पाठीशी' असे फलक लागले आणि व्यापारी संघाने सत्कारासाठी एकमताने बाईंचं नाव दिलं. सभागृह भरून गेलं. पुढच्या रांगेत नवरा, सासूबाई, मास्तर आणि त्यांची बायको. मागे खात्यातल्या बाकीच्या बायका एका रांगेत, ताठ.

मंत्री बोलायला उभे राहिले आणि बोलतच राहिले. "या भगिनीने चौकातल्या कुणाचा चहा तर सोडाच, पाण्याचा थेंबही घेतलेला नाही!" टाळ्या. मग चौकटीतलं मानपत्र दिलं, आणि त्यासोबत सरकारची भेट म्हणून एक चकचकीत स्टीलची पाण्याची बाटली. काठोकाठ भरलेली.

फोटोवाला पुढे सरसावला. "मॅडम, एक घोट घ्या ना. बाटली दिसेल अशी."

बाईंना इथून सरळ चौकात ड्युटीवर जायचं होतं. सवयीने तोंडातून निघून गेलं, "नको."

मंत्री खूश झाले. "बघा! माझंही पाणी घेत नाहीत!" सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. सासूबाईंनी तर डोळ्यांना पदर लावला.

कमरेत बारीक कळ सुरू झाली होती. इथे हसून मान डोलावली असती तर बाई जन्मभराच्या थोर झाल्या असत्या. पण एवढ्या टाळ्या खोट्याच्या खात्यावर घ्यायच्या, हे त्यांना जमेना. त्यांनी माईक ओढला.

"तसं नाही साहेब. तहान मलाही लागते. लाच मी घेत नाही, ते खरं आहे. पण पाणी मी त्यासाठी सोडलेलं नाही. चौकात बाईमाणसाला जायला जागा नाही, म्हणून पीत नाही. मला मुतखडा झालाय. तुम्ही बाटली दिलीत, पण प्यायल्यावर जायचं कुठं?"

टाळ्या हवेतच विरल्या. मंचावर बसलेले बाईंच्या खात्याचे साहेब छताचं रंगकाम पाहू लागले. "याची गंभीर नोंद घेतली जाईल," एवढं मंत्र्यांना सुचलं. पण मागच्या रांगेतल्या बायकांनी टाळ्या सुरू केल्या आणि त्या काही केल्या थांबेनात. तेवढ्यात मास्तरांची बायको उभी राहिली.

"अहो बाई! दुकानाच्या मागंच आमचं घर आहे! मी मेली इतके दिवस तुमच्यावर रुसून बसले. तोंड उघडायला काय झालं होतं तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी दोन अधिकारी चौकात आले, टेप लावून मापं घेतली आणि ही जागा नेमकी कुठल्या खात्याची यावर वाद घालत गाडीत बसून गेले. मास्तरांची बायको मात्र तांब्याभर पाणी घेऊन आली आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलली नाही. व्हायचं ते दुपारी झालं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं, चौक तसाच सोडला आणि मास्तरांच्या घरात शिरल्या.

आतून त्यांना हॉर्नचा कल्लोळ ऐकू आला. आता नोकरी जाते, असं म्हणत त्या घाईने बाहेर आल्या आणि दुकानाच्या पायरीवरच थबकल्या. चौकाच्या मधोमध गळ्यात टेप अडकवलेले मास्तर दोन्ही हात पसरून उभे होते. फळवाल्याने समोरचा ट्रक अडवला होता.

"बाई कुठं गेल्या?" ट्रकवाला खेकसला.

"बाथरूमला गेल्यात!" मास्तरांनी सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं सांगितलं. "जरा थांब की! तुझ्या घरच्या बायका जात नाहीत?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. ट्रकवाल्याने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा पायरीवर उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं आणि गुपचूप इंजिन बंद केलं. मग त्याच्या मागच्यानेही केलं. बाई चौकाकडे चालू लागल्या तेव्हा त्यांना मोठ्याने रडावंसं वाटत होतं.

"मास्तर, हात खाली घ्या," त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू, की ते मास्तरांना ऐकूच आलं नाही.