बसण्याला रकाना नाही

ऑफिसात चहा देणाऱ्यालाही कान असतात, हे कुणाच्या ध्यानात नसतं. म्हणून त्याच्याजवळ किस्से साचतात. मी कमी बोलतो, त्यामुळे माझ्याजवळ जरा जास्तच.

आमचं ऑफिस अंधेरीला. तिथे सायली आणि निखिल कॉम्प्युटरवर वस्ती उभी करतात. माणूस म्हणजे एक ठिपका. त्याचं वय, गाव, काम भरायचं. कोण कुणाशी जोडला जाईल याचे नियम घालायचे. मग ठिपक्यांमध्ये रेघा आपोआप पडतात. आमची घाटकोपरची चाळ तेव्हा नुकतीच रिकामी झाली होती, माणसं पांगली होती. आता कोण कुणाचं उरेल, ते त्यांना बघायचं होतं. माहिती मी दिली. मलाही एक बघायचं होतं. माझा शेजारी गंगाराम मुलाकडे बोरिवलीला गेला होता. आमची रेघ राहते का? पण ते मी कुणाला बोललो नाही.

*

सायलीने विचारलं, "मामा, चाळीत ओळख कशावरून होते?"

"नळावरून."

तिने तसा नियम घातला. सगळ्या बायका मैत्रिणी झाल्या.

मी म्हटलं, "भांडणंही तिथलीच."

तीही घातली. कॉम्प्युटर वर्षभर पुढे पळवला, तर भांडणाऱ्यांच्याच रेघा टिकल्या.

निखिल म्हणाला, "वाट लागली. काहीतरी चुकलंय."

"नाही रे. बरोबर आलंय."

*

एका गावचे ते जोडायचे, असा दुसरा नियम. त्यात चाळीतले परब आणि सावंत जिगरी दोस्त निघाले. गावच्या एका फणसावरून दोघांचं तोंड बघणं बंद आहे.

"मग काय करू, मामा?"

"गावं दोन कर."

*

यादीत मी चुकून बायकोचंही नाव दिलं होतं. सायलीने तिचं वय विचारलं.

"गेली ती. दोन वर्षं झाली."

सायलीने हळूच तिचा ठिपका काढून टाकला. त्याबरोबर माझ्या भोवतीच्या रेघा गळाल्या. सगळ्या तिच्यामार्फत होत्या. एकच राहिली, गंगारामची.

पुढचं वर्ष पळवल्यावर तीही गेली.

निखिल म्हणाला, "सहा महिने बोलणं नसेल तर रेघ तुटते, मामा. तुम्ही फोन करत नाही ना?"

"आम्ही आधीही बोलत नव्हतो."

"भांडण होतं?"

"नाही रे. संध्याकाळी बसायचो."

"बसून काय करायचे?"

"बसायचो."

त्याने बराच वेळ शोधलं. बसण्याला रकाना नव्हता.

*

रविवारी बोरिवलीला गेलो. गंगारामच्या सुनेने दार उघडलं, चहा दिला. गंगाराम सोफ्यावर होता. त्याने सरकून जागा केली. तास-दोन तास बसलो दोघं. तो काही बोलला नाही, मीही नाही. मग उठलो.

बाहेर चपला घालत होतो. आत सून विचारत होती, "बाबा, कोण होते हो ते?"

गंगाराम म्हणाला, "काय माहीत बाय. पण बसतो बरा."