या खेपेला तरी

धाकट्या जावेवर मी जळत होते, सरळ सांगते. सासूबाई सरंग्याची मधली तुकडी तिच्या ताटात वाढायच्या, माझ्या ताटात शेपटी. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, तरी तिला कुणी टोकायचं नाही. मला तर वर्षाच्या आत विचारून विचारून भंडावलं होतं. शिवाय बाईसाहेबांचा दोन गल्ल्या सोडून वेगळा फ्लॅट. गणपतीत मोदकांना बोलावलं की म्हणे तब्येत बरी नाही. नुसते नखरे!

मी मुलुंडच्या एका हॉस्पिटलात, रेकॉर्ड विभागात. ज्या पेशंटशी काम नाही त्याची फाइल उघडायची नाही, कोणी उघडली ते कॉम्प्युटरवर राहतं, हे नव्या मुलींना मीच शिकवते. एका दुपारी ती आमच्या लिफ्टमधून बाहेर पडली. मला बघितलं, ओढणी सारखी केली आणि सटकली. हिचं इथे काय काम? मला राहवेना. टेबलावर आले आणि तिचं नाव टाकलं.

चौथी खेप, तिसरा महिना. आधी तिन्ही वेळा गर्भ पडलेला. तारखा बघितल्या, एक ऐन गणपतीतली. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याआधी मनात आलं, एवढं सोसलं आणि घरात चकार शब्द नाही, काय आतल्या गाठीची बाई आहे.

दोन आठवड्यांनी तिने सगळ्यांसमोर बातमी दिली. सासूबाईंना वाटलं, पहिलीच. त्यांचे डोळे भरून आले. माझ्या वेळी नुसतं "बरं झालं" म्हणाल्या होत्या. मी कशाला मागे राहू? तिला साखर भरवली आणि बोलून गेले, "या खेपेला तरी जप गं."

"ह्या खेपेक म्हंजे काय गो?" सासूबाईंनी विचारलं.

ती हसली. वहिनींच्या दोन खेपा झाल्यात ना, त्यांच्या तोंडात तोच शब्द बसलाय, म्हणाली. विषय तिथेच मिटला.

मग स्वयंपाकघरात माझ्यामागे आली. "वहिनी, माझी फाइल उघडलीत ना?"

मी साखरेचा डबा उगाच पुसायला घेतला.

"त्या तिघांबद्दल ह्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या आईलाही नाही."

तिने तक्रार केली असती तर माझी नोकरी गेली असती. केली नाही. आता तपासणीला थेट मालाडला जाते, एवढं पोट घेऊन, बस बदलत. घरचं माणूस इथल्याच हॉस्पिटलात कामाला असताना इतक्या लांब कशाला, असं सासूबाई विचारतात. तिथली डॉक्टर चांगली आहे, एवढंच ती सांगते. मी भाकऱ्या थापत ऐकते. आणि माझं मेलं मन बघा, तिच्या त्या गप्प राहण्यावरही जळतं.