पंच नंबर एक

माझं किराणा दुकान पोलीस चौकीच्या समोर आहे, एवढाच माझा गुन्हा. पंचनाम्याला माणूस लागला की जमादार रस्ता ओलांडून यायचा आणि म्हणायचा, "शेठ, चला, सहीपुरतं." चोरी, अपघात, वाळूचा ट्रॅक्टर, सगळ्या कागदांवर माझी सही, तीही न वाचता. बायको म्हणायची, "एक दिवस ह्या सह्या नडतील." मी हसण्यावारी न्यायचो. पोलिसांत आपली ऊठबस आहे, याचा मला खरं सांगायचं तर माज होता.

त्या सकाळी मेंढ्या राखणाऱ्या घरातल्या एका पोरीचं प्रकरण होतं. वीसेक वर्षांची असेल. आदल्या दिवशी दुपारी कापसाच्या रानात गावातल्याच एका बड्या घरच्या पोरानं तिच्यावर जबरदस्ती केली होती. तक्रार द्यायला येण्याआधी तिच्या आईनं तिचे कपडे धुऊन वाळत घातले होते.

"धुतले कावून?" जमादार खेकसला.

"मग काय तसंच ठिवायचं व्हय, सायेब?"

तिला कोण सांगणार होतं? आता पुरावा सापडला तर रानातच.

तिथं पऱ्हाटी मोडून पडली होती. फुटक्या हिरव्या बांगड्या होत्या, आणि सरीत शर्टाचं एक बटण, धाग्यासकट. ते मलाच दिसलं. जमादार खूश झाला. "शेठ, ह्या बटणावर केस उभी ऱ्हाती बघा." संध्याकाळी त्या पोराचा शर्ट जप्त झाला, त्याला नेमकं एक बटण नव्हतं.

पण सील करायची लाख रानात कुणी आणलीच नव्हती. जमादारानं बटणाची कागदात पुडी बांधून खिशात टाकली होती. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला, लाख माझ्याकडूनच घेतली, माझ्याच गल्ल्यावर मेणबत्ती पेटवून पाकीट बंद केलं. मी सही केली. कागदावर लिहिलं होतं, 'जागेवर पंचांसमक्ष सीलबंद केले.' हल्ली म्हणे सगळ्याचं मोबाइलवर शूटिंग करतात. तेव्हा नव्हतं.

दोन वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं. बाहेर बाकावर पोरीची आई बसलेली. मला बघून उठली. "भाऊ, तुमी पाह्यलंय. तेवढं सांगा."

"सांगतो," म्हणालो.

असल्या खटल्यात बाहेरचं कुणी नको, म्हणून आत कोर्टाचं दार लावून घेतलं. मी बटणाचं सगळं सांगितलं. मग त्या पोराचा वकील उठला. आवाज फार गोड.

"शेठजी, सीलची लाख कुठली होती?"

"माझ्या दुकानातली."

"दुकान रानात आहे का?"

शपथ घेतली होती. खोटं बोलायचं तर कागदावर जे लिहिलं होतं तेच खोटं होतं. "न्हाई. दुसऱ्या दिवशी, दुकानातच लावली," मी म्हणालो.

"आणि शर्ट?"

"आदल्या संध्याकाळी जप्त झालता."

म्हणजे शर्टाचं बटण काढून पुडीत घालायला पोलिसांना अख्खी रात्र मिळाली होती. वकिलानं ते बोलूनही दाखवलं नाही, खाली बसला.

"बटण मी सरीत बघितलंय, सायेब!" मी ओरडलोच.

"विचारतील तेवढंच बोला," न्यायाधीश म्हणाले.

बाहेर आईनं विचारलं, "सांगितलं का?" मी म्हणालो, "सांगितलं." तिनं हात जोडले. मला तिथंच मेल्यासारखं झालं.

पोरगा संशयाचा फायदा मिळून सुटला. ते कुटुंब मेंढ्या घेऊन गेवराईकडं गेलं, पुन्हा आमच्या शिवारात उतरलं नाही. जमादाराचा मला राग येतो, पण त्याहून जास्त माझ्या हाताचा येतो.

गेल्या आठवड्यात तो पोरगा भर दुपारी दुकानात आला. हातात पेढ्यांचा पुडा. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती.

"काका, तुमी व्हता म्हणून सुटलो," म्हणाला, आणि वाकून माझ्या पाया पडला.

माझा हात सवयीनं त्याच्या डोक्यावर गेला. आणि सवयीनंच तोंडून निघालं, "सुखी ऱ्हा."