चार ओळींचा पत्ता

बोट थुंकीने ओलं करून कॉम्प्युटरच्या पडद्यावर पान उलटायला जाणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आमचे हेडक्लार्क साहेब तसे होते. "पत्ता चार ओळींत बसला पाहिजे," हे त्यांचं ब्रीद. नाव, घर क्रमांक, गाव, पिन. पाचवी ओळ दिसली की साहेबांचं डोकं उठायचं.

बोईसरच्या आमच्या कारखान्यात कॅन्टीनसाठी बायका घ्यायच्या होत्या. अर्जांची यादी मी एक्सेलमध्ये भरली होती. तिच्यावरून मेल मर्ज करून मुलाखतीची पत्रं काढायची होती. जवळच्या दांडी गावच्या कोळीवाड्यातल्या अर्जांवर घर क्रमांक नव्हतेच, म्हणून मी 'खूण' असा एक रकाना वाढवला. साहेब तो वाचून खो खो हसले.

"'निळ्या होडीसमोर'! अहो, होडी हलते. हलणाऱ्या वस्तूचा पत्ता धरतात का कुठे? उडवा तो रकाना."

मी उडवला. साहेबापुढे शहाणपण करू नये, एवढं शहाणपण माझ्याकडे होतं.

पत्रं देखणी निघाली. घर क्रमांक नसेल तिथे साहेबांनी 'लागू नाही' छापायला लावलं होतं. हिराबाई तांडेल, लागू नाही, दांडी. आता दांडीत हिराबाई तांडेल दोघी. पत्र गेलं दोघींतल्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीकडे आणि तिने ते तांदळाच्या डब्याखाली जपून ठेवलं. जिला नोकरी हवी होती ती हिराबाई, नवरा गेलेली, दोन मुलींची आई, वाट बघत राहिली. निवडीची यादी लागल्यावर ती ऑफिसात आली.

"पत्र गेलंय. आमच्याकडे नोंद आहे," साहेब म्हणाले.

"तुमच्या वहीत गेलं असंल, साहेब. माझ्या घरी नाय आलं. मी खूण दिली व्हती ना? होडी माझ्या नवऱ्याची हाय. तो गेल्यापासून तितंच हाय. कोन हलवनार तिला?"

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते दांडीला गेले. घर सापडलं का, असं मी विचारलं.

"शोधावं लागलंच नाही," ते म्हणाले.

मग मॅनेजरांना त्यांनी 'चूक माझी' असं लिहून दिलं, तेही चार ओळींत. जागा भरली होती. हिराबाईला काही मिळालं नाही. मला साहेबांचा संताप आला होता, आणि तो कागद टाइप करताना त्यांची दयाही आली. रकाना उडवणारं बोट तर माझंच होतं.

पुढच्या भरतीआधी ते निवृत्त झाले. जाताना एवढंच म्हणाले, "'खूण' पहिली घ्या." त्या भरतीत पत्र पोचलं, हिराबाई कॅन्टीनला लागली. पहिल्याच आठवड्यात तिने साहेबांसाठी सुक्या बोंबलांची पुडी आणली. साहेबांच्या निर्दोष चार ओळींच्या पत्त्यावर मी ती पाठवली. 'येथे राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आली.

"मंग त्यांची खूण काय हाय?" हिराबाईने विचारलं.

मी स्टाफची यादी उघडली. दांडीहून आल्यावर साहेबांनी तिच्यातही 'खूण' रकाना वाढवायला लावला होता. आपल्या नावापुढे त्या रकान्यात साहेबांनी स्वतःच्या हाताने भरलं होतं: लागू नाही.

निळी होडी अजून दांडीला आहे तिथेच आहे. हलले ते साहेब.