फोटोतली गाडी

आमच्या ह्यांच्या गाडीवर माझा पहिल्यापासून राग. जुनी जपानी टू-स्ट्रोक मोटारसायकल, आरएक्स हंड्रेड, काळी, टाकीवर लाल पट्टा. हे नांदेडहून मुदखेडला रोज त्याच गाडीवर नोकरीला जातात आणि सुट्टीच्या दिवशी तिलाच पुसत बसतात. त्यात शेजारच्या भाईंनी हुबेहूब तशीच दिसणारी गाडी घेतली, मग तर विचारूच नका. भाईंचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, पण हे दोघं एकत्र आले की कूलर गेला चुलीत.

भाईंची गाडी खरं तर हंड्रेड नाहीच, वन थर्टीफाइव्ह आहे. त्यांना हंड्रेडचीच हौस, पण चांगली मिळेना. म्हणून त्यांनी टाकी, सीट, स्टिकर, सगळं हंड्रेडचं आणून चढवलं. लांबून बघणारा फसतोच. आमचे हे मला दोन्ही गाड्यांपुढं उभं करून शिकवायचे. "ही इंजिनावरची पत्र्याची घडी-घडी दिसते ना, त्या पात्या बघ. हंड्रेडच्या आखूड. वन थर्टीफाइव्हचं इंजिन दांडगं, पात्या रुंद, बाहेर आलेल्या. वरून काय बी चढवा, पात्या लपत न्हाईत." मी दिवसभर शाळेत पोरांपुढं घसा फोडून आलेली. "दोन्हीला चाकं दोनच असतात," म्हणायचे आणि आत निघून जायचे. मागून ह्यांचा आवाज यायचा, "तुला ह्या जन्मात न्हाई कळायचं!"

त्या रविवारी लातूरला जुन्या गाड्यावाल्यांचा मेळावा होता. दोघं सकाळीच निघाले. मी चिडूनच होते, नीट बोललेही नाही. काळ्या तिखटासाठी तव्यावर मिरच्या भाजत होते, तेवढ्यात शेजारच्या भाभी फाटक ढकलून धावतच आल्या. ओढणी खांद्यावर घसरलेली, हातात मोबाईल.

"ताई, हे बघा ना. आपल्यातली हाय का ओ ही गाडी?"

गल्लीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. अहमदपूरच्या पुढं अपघात, गाडीवाल्याला लातूरला नेलंय, ओळख पटली तर कळवा. फोटोत ट्रकचं चाक आणि त्याच्याजवळ आडवी पडलेली काळी गाडी. पुढचा भाग चेपलेला, नंबर प्लेट दिसत नव्हती. टाकीवर लाल पट्टा होता.

मी ह्यांना फोन लावला. नुसती रिंग जाऊन बंद. परत लावला, तेच. भाभींनी भाईंना लावला, तो लागेचना. "गाडी चालवून राहिले असतील, आवाज येत नसंल," मी म्हणाले. माझ्या आवाजावर माझाच विश्वास बसेना.

"आणखी कुणाची असंल की," मी म्हणाले.

"दुसऱ्या कुणाची कशी असंल, ताई? हा सीटमागचा दांडा बघा. दोघांनी एकाच दुकानातून आणला, एकसारखा वाकवून घेतला. आपल्या दोघींपैकीच एकीची हाय." भाभींनी माझा दंड धरला. "तुम्हाला तुमच्या घरचे शिकवत व्हते ना. बघा ना कोणाची हाय."

मी फोटो बोटांनी मोठा केला. चित्र फाटायला लागलं. टाकी सोडली, सीट सोडली, खाली इंजिनावर आले. चित्र बोटाखालून सारखं निसटत होतं. मग एकदाचं थांबलं.

पात्या रुंद होत्या. इंजिनाच्या बाहेर आलेल्या.

वन थर्टीफाइव्ह. आमची नव्हती.

मला इतका आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. सुटले गं बाई, सुटले! हे जिवंत आहेत, कुठंतरी टपरीवर चहा पीत असतील, घरी आले की ह्या गाडीला मी स्वतः हळद-कुंकू लावते की नाही बघा, आमच्या घरात तशी रीत नसली तरी! आणि वर बघितलं तर समोर भाभींचं तोंड. डोळे माझ्या ओठांवर लावून त्या उभ्या होत्या.

कसं सांगायचं? घरात त्या एकट्या. त्यांची नणंद जुन्या नांदेडात. आधी नणंदेला बोलवू, कुणीतरी घरचं माणूस जवळ येऊ दे, मग सांगू, असं मनात आलं आणि तोंडातून निघून गेलं, "आमची आहे, भाभी."

भाभींचा श्वास सुटला. मी तो ऐकला. दुसऱ्या क्षणी त्यांनी मला घट्ट मिठी मारली आणि त्याच माझ्यासाठी रडायला लागल्या. "काई न्हाई होणार, ताई, अल्ला हाय." त्या श्वासाचा मला राग आला नाही. आत्ताच तसाच श्वास मी गिळला होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाईंचा.

भाभी फोनवर हसल्या, रडल्या, आणि मी तशीच उभी राहिले. भाई बोलून राहिले होते, म्हणजे भाई धड होते. मग त्या गाडीवर कोण होतं? फोन माझ्याकडं आला.

"वहिनी, घाबरू नका. शुद्धीवर हाय. पाय मोडलाय. ट्रकवाल्यानं कट मारला. मी पुढं व्हतो, मागाहून कळलं."

"पण गाडी..." मी म्हणाले.

"माझीच. अहमदपूरला चहा पिलो अन् गाड्या बदलल्या. मीच म्हणलो, तुझी जरा चालवून बघू दे. माफ करा, वहिनी."

आत मिरच्या जळाल्या होत्या. सगळ्या घरात ठसका भरला, आणि मी कशानं रडते आहे ते कुणाला विचारायची गरज उरली नाही.

जीप करून लातूरला गेलो. भाभी हट्टानं बरोबर आल्या. माझा हात हातात धरून वाटभर जीपवाल्याला सांगत होत्या, "ताईनं फोटो बघताच ओळखलं. आपल्या माणसाचं कळतंच की ओ." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

पायात सळई घातली. दुसऱ्या दिवशी ह्यांना जरा हुशारी आली. भाभी थर्मासमधून चहा ओतत होत्या. हे माझ्याकडं बघून हसले. "तू फोटोवरून ओळखलीस म्हणं, आपली गाडी म्हणून?"

"हाव."

"अगं येडे, वन थर्टीफाइव्ह व्हती ती! केवढ्या रुंद पात्या दिसून राहिल्यात फोटोत, आत्ताच बघितला मी. एवढं शिकवलं, समदं पाण्यात."

भाभींचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी चादरीची घडी सारखी करत होते. बघणं थांबेना, तशी मी मान वर केली, आणि त्यांना कळलंय हे मला कळलं.

"दोन्हीला चाकं दोनच असतात," मी ह्यांना म्हणाले.

भाभींनी चहा ओतला. पहिला कप पेशंटला द्यायचा सोडून त्यांनी माझ्या हातात दिला.